एसक्यूएलच्या कामाच्या युक्त्या : उत्तर आलं, पण ते बरोबर आहे का?



ज्यांना सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन हे चार आदेश येतात, त्यांच्यासाठी आजचा पाठ आहे. बीसीए, बीएस्सी किंवा पॉलिटेक्निकचा अभ्यास संपवून कुणी डेटाबेसच्या कामाला लागतो, तेव्हा त्याला आदेश पाठ असतात. अडचण वेगळीच येते. स्वल्पविराम विसरला तर संगणक लगेच चूक दाखवतो. पण प्रश्नच चुकीचा विचारला तर तो काहीच बोलत नाही. छान आखलेला तक्ता समोर ठेवतो, आणि तो तक्ता चुकीचा असतो. त्या तक्त्यावरून पुढे कुणाची शिष्यवृत्ती ठरते, कुठे किती तांदूळ पाठवायचा ते ठरतं.

म्हणून आजच्या पाठात ज्या युक्त्या बघायच्या आहेत, त्या चमत्कार म्हणून शिकायच्या नाहीत. प्रत्येक युक्ती चुकीच्या उत्तरापासून आपल्याला कशी वाचवते, ते समजून घ्यायचं. आणि सगळ्या युक्त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक मूल? एक अर्ज? की एका मुलाचा एका दिवसाचा हजेरीचा शेरा? हे ज्याला सांगता येतं, त्याचं उत्तर सहसा चुकत नाही.

सूचना : वाचायला सोपं जावं म्हणून या पाठात आदेश देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे.

## थोडा इतिहास

आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक शोधनिबंध लिहिला. माहिती ओळी आणि रकाने यांच्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांमधलं नातं किमतींवरून जुळवावं, ही कल्पना त्यात होती. ती वापरण्यासाठी त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये एक भाषा मांडली. तिचं नाव होतं 'सीक्वेल'. पण या नावाचा ट्रेडमार्क ब्रिटनमधल्या एका विमान कंपनीकडे आधीपासून होता. म्हणून नाव आखडून 'एसक्यूएल' झालं. १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने या भाषेला प्रमाणित केलं.

नाव आधीच दुसऱ्याचं होतं म्हणून बदलावं लागलं, ही गोष्ट लक्षात ठेवा. आपली पहिली युक्ती तिथूनच सुरू होते, आणि त्यासाठी वर्ध्याच्या बाहेर जायची गरज नाही.

## आपले तक्ते

पूर्ण पाठात आपण हे पाच तक्ते वापरू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत.

- शाळा : शाळा_कोड, शाळेचे_नाव, तालुका
- विद्यार्थी : नोंदणी_क्र, नाव, लिंग, शाळा_कोड
- अर्ज (शिष्यवृत्तीचे) : अर्ज_क्र, नोंदणी_क्र, दिनांक
- तांदूळ (पोषण आहाराचा) : शाळा_कोड, दिनांक, किलो
- हजेरी : नोंदणी_क्र, दिवस_क्र, नोंद

## युक्ती १ : नावावर जोडू नका, कोडवर जोडा

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्यांचा पत्रव्यवहार प्रचंड. पण त्याच रेल्वेमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात दुसरं शेगाव आहे, गजानन महाराजांचं. टपालाचा घोळ व्हायला लागला. शेवटी १९४० मध्ये आपल्या शेगावचं नाव 'सेवाग्राम' ठेवण्यात आलं.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर टपाल खातं गावाचं नाव 'की' म्हणून वापरत होतं, आणि त्या 'की'च्या दोन ओळी होत्या. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, आपले मराठी गृहस्थ. वर्ध्याचा पिन ४४२००१, सेवाग्रामचा ४४२१०२. आता नाव कितीही सारखं असलं तरी पत्र चुकायचं कारण उरलं नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे आठ तालुके बघा : वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. यातलं सेलू परभणी जिल्ह्यातही आहे. आष्टी बीड जिल्ह्यात आहे आणि गडचिरोलीतही. कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे. राज्याच्या दोन तक्त्यांना कुणी असं जोडलं :

    सिलेक्ट * फ्रॉम तालुके त
    जॉइन निधी नि ऑन नि.तालुका = त.तालुका;

तर बीडच्या आष्टीचा निधी वर्ध्याच्या आष्टीसमोरही दिसेल, आणि संगणक एका शब्दाने हटकणार नाही. शिवाय कुणी 'कारंजा' लिहितो, कुणी 'कारंजा (घाडगे)'. असे जुळत नाहीत, म्हणून गळतात. म्हणजे नावावर जोडलं की काही ओळी वाढतात आणि काही गळतात. दोन्ही चुका एकाच वेळी होतात, त्यामुळे कधी कधी एकूण ओळी बरोबर दिसतात आणि चूक झाकली जाते.

शाळांसाठी यू-डायस कोड आहे ना, तो याच कारणासाठी. त्यात ११ अंक असतात : पहिले २ राज्याचे, पुढचे २ जिल्ह्याचे, पुढचे २ तालुक्याचे किंवा गटाचे, पुढचे ३ गावाचे आणि शेवटचे २ शाळेचे. महाराष्ट्र २७ आणि वर्धा ०८, म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचे कोड २७०८ ने सुरू होतात.

इथे तीन गोष्टी पक्क्या करा.

1. कोड हा आकडा नाही, मजकूर आहे. त्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते. जिल्ह्याचा ०८ संख्येच्या रकान्यात टाकला तर त्याचा ८ होतो, आणि '०८' शी तो जुळत नाही. म्हणून कोडचा रकाना नेहमी टेक्स्ट ठेवा.
2. प्रत्येक खात्याचा कोड वेगळा असतो. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याचा कोड ५०४ आहे, यू-डायसमध्ये ०८. दोन खात्यांची माहिती जोडायची असेल तर मध्ये एक जुळणी-तक्ता हवा : हा कोड म्हणजे तो कोड.
3. पिनकोडने पत्र पोचतं, पण तो गावाची 'की' नाही. एका पिनकोडखाली अनेक गावं येतात. कोड आहे म्हणून तो आपल्या कामाचा आहे, असं धरू नका.

## युक्ती २ : 'कोण राहिलं?' विचारताना नल सांभाळा

एसक्यूएलमध्ये 'नल' म्हणजे शून्य नाही आणि रिकामी जागाही नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. म्हणून एसक्यूएलमध्ये उत्तरं दोन नसून तीन असतात : खरं, खोटं आणि माहीत नाही. आणि व्हेअर फक्त 'खरं' असलेल्या ओळी ठेवतो.

समजा प्रश्न असा : कोणत्या मुलांनी अजून अर्ज भरला नाही? पहिल्यांदा डोक्यात येतं ते असं :

    सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी
    व्हेअर नोंदणी_क्र नॉट इन
      (सिलेक्ट नोंदणी_क्र फ्रॉम अर्ज);

दिसायला अगदी बरोबर. आता अर्जाच्या तक्त्यात एकाच ओळीत नोंदणी क्रमांक भरायचा राहिला, म्हणजे तिथे नल आहे असं समजा. उत्तरात शून्य ओळी येतात! बाकी एकही मूल नाही, असं संगणक सांगतो.

कारण काय? '१०५ नॉट इन (१०१, १०२, नल)' याचा अर्थ संगणक असा घेतो : १०५ हा १०१ नाही, आणि १०२ नाही, आणि त्या माहीत नसलेल्या क्रमांकाइतका नाही. शेवटच्या भागाचं उत्तर 'माहीत नाही'. म्हणून सगळ्याचंच उत्तर 'माहीत नाही', आणि ओळ गळली. प्रत्येक मुलाच्या बाबतीत हेच होतं. एका कागदावर राहिलेल्या क्रमांकामुळे अर्ज न भरलेली सगळी मुलं यादीतून जातात, आणि अर्जाची मुदत संपेपर्यंत कुणाला कळतही नाही.

उपाय :

    सिलेक्ट वि.नाव फ्रॉम विद्यार्थी वि
    व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
      (सिलेक्ट १ फ्रॉम अर्ज अ
       व्हेअर अ.नोंदणी_क्र = वि.नोंदणी_क्र);

हा आदेश प्रत्येक मुलासाठी विचारतो, 'याच्या क्रमांकाचा अर्ज सापडतो का?' नल असलेली ओळ कुणाशीच जुळत नाही, म्हणून ती अडथळाही आणत नाही. 'नाही' शोधायचं असेल तेव्हा नॉट इन सोडा आणि नॉट एक्झिस्ट्स वापरा. ही सवय लावून घ्या.

नलचा दुसरा खेळ सरासरीत दिसतो. पाच मुलांचे गुण असे : ६०, ४०, ५०, नल, ५०. एव्हरेज काढला तर ५० येतो, कारण संगणक २०० ला ४ ने भागतो. नलच्या जागी शून्य धरलं (कोअॅलेस(गुण, ०)) तर ४० येतो. बरोबर कोणतं? ते मूल परीक्षेला बसलंच नसेल तर ५०. कोरा पेपर दिला असेल तर ४०. हे एसक्यूएल ठरवू शकत नाही. ज्याने परीक्षा घेतली त्यालाच विचारावं लागतं.

## युक्ती ३ : शून्यवाल्यांना यादीत ठेवा

प्रश्न : प्रत्येक शाळेतून या वर्षी, म्हणजे १ जुलै २०२५ पासून, किती अर्ज आले?

साधा जॉइन वापरला तर ज्या शाळेतून एकही अर्ज नाही ती शाळा तक्त्यात दिसतच नाही. खरं तर केंद्रप्रमुखांना फोन करायचाय तो नेमका त्याच शाळेला! म्हणून लेफ्ट जॉइन :

    सिलेक्ट शा.शाळा_कोड, काउंट(अ.अर्ज_क्र) अॅज एकूण_अर्ज
    फ्रॉम शाळा शा
    लेफ्ट जॉइन विद्यार्थी वि ऑन वि.शाळा_कोड = शा.शाळा_कोड
    लेफ्ट जॉइन अर्ज अ ऑन अ.नोंदणी_क्र = वि.नोंदणी_क्र
       अँड अ.दिनांक >= '२०२५-०७-०१'
    ग्रुप बाय शा.शाळा_कोड;

यात दोन बारकावे आहेत.

पहिला : काउंट(*) लिहिलं नाही, काउंट(अ.अर्ज_क्र) लिहिलं. काउंट(*) ओळी मोजतो. काउंट(रकाना) त्या रकान्यात नल नसलेल्या ओळी मोजतो. समजा शाळेत ४० मुलं आहेत आणि अर्ज शून्य. लेफ्ट जॉइननंतर त्या शाळेच्या ४० ओळी उरतात, सगळ्यांसमोर अर्जाची जागा नल. काउंट(*) सांगेल ४० अर्ज, काउंट(अ.अर्ज_क्र) सांगेल ०. एका फुलीच्या फरकाने सगळ्यात मागे असलेली शाळा सगळ्यात पुढे जाऊन बसते.

दुसरा : तारखेची अट ऑनमध्ये आहे, व्हेअरमध्ये नाही. ती व्हेअरमध्ये टाकली तर अर्ज नसलेल्या ओळींत दिनांक नल, नलची तुलना 'माहीत नाही', आणि त्या ओळी गळतात. लेफ्ट जॉइन लिहूनही तो साध्या जॉइनसारखाच वागतो. नियम लक्षात ठेवा : उजव्या तक्त्यावरची अट ऑनमध्ये, डाव्या तक्त्यावरची व्हेअरमध्ये.

## युक्ती ४ : आधी बेरीज, मग जोड

प्रश्न : शाळेत मुलं किती आणि तांदूळ किती किलो आला?

समजा एका शाळेत ४० मुलं आहेत आणि तांदूळ दोनदा आला, प्रत्येक वेळी ५० किलो. शाळा, विद्यार्थी आणि तांदूळ हे तिन्ही तक्ते सरळ जोडले तर प्रत्येक मुलासमोर तांदळाच्या दोन्ही नोंदी येतात. म्हणजे ४० × २ = ८० ओळी. मुलांची संख्या ८० येते, आणि तांदळाची बेरीज ४० × १०० = ४००० किलो! शंभर किलोचे चार हजार किलो झाले.

इथे बरेच जण काउंट(डिस्टिंक्ट नोंदणी_क्र) लिहून मुलांची संख्या ४० करून घेतात आणि काम झालं असं समजतात. पण तांदूळ तसाच ४००० राहतो. आणि सम(डिस्टिंक्ट किलो) लिहिलं तर दोन्ही वेळचे ५० एकच धरले जातात, उत्तर ५० येतं. तेही चूकच.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक तक्त्याची बेरीज त्याच्या घरात करायची, शाळेमागे एकच ओळ उरवायची, आणि मग जोडायचं :

    विथ मुले अॅज
      (सिलेक्ट शाळा_कोड, काउंट(*) अॅज पट
       फ्रॉम विद्यार्थी ग्रुप बाय शाळा_कोड),
    धान्य अॅज
      (सिलेक्ट शाळा_कोड, सम(किलो) अॅज किलो
       फ्रॉम तांदूळ ग्रुप बाय शाळा_कोड)
    सिलेक्ट शा.शाळा_कोड, मु.पट, धा.किलो
    फ्रॉम शाळा शा
    लेफ्ट जॉइन मुले मु ऑन मु.शाळा_कोड = शा.शाळा_कोड
    लेफ्ट जॉइन धान्य धा ऑन धा.शाळा_कोड = शा.शाळा_कोड;

पडताळा सोपा आहे. जोडण्याआधी शाळांच्या ओळी मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा. आकडा वाढला तर कुठेतरी एका ओळीसमोर अनेक ओळी आल्या.

## युक्ती ५ : एकाच फेरीत सगळे रकाने

शाळेनुसार मुली, मुलगे आणि एकूण असा तक्ता हवा. तीन वेगळे आदेश चालवून आकडे हाताने चिकटवायची गरज नाही :

    सिलेक्ट शाळा_कोड,
      सम(केस व्हेन लिंग = 'मुलगी' थेन १ एल्स ० एंड) अॅज मुली,
      सम(केस व्हेन लिंग = 'मुलगा' थेन १ एल्स ० एंड) अॅज मुलगे,
      काउंट(*) अॅज एकूण
    फ्रॉम विद्यार्थी
    ग्रुप बाय शाळा_कोड;

केस प्रत्येक ओळीला १ किंवा ० देतो आणि सम त्यांची बेरीज करतो. 'एल्स ०' विसरू नका. ते नसेल तर ज्या शाळेत एकही मुलगी नाही तिथे ० ऐवजी नल येतो.

या तक्त्यात पडताळा आपोआप मिळतो. मुली अधिक मुलगे बरोबर एकूण व्हायला पाहिजे. जिथे होत नाही तिथे लिंगाचा रकाना रिकामा आहे किंवा कुणी भलतंच काही टाइप केलंय. म्हणून 'एकूण' हा रकाना मुद्दाम वेगळा मोजायचा, दोन आकड्यांची बेरीज करून काढायचा नाही.

## युक्ती ६ : रो नंबर आणि सलग दिवस

ग्रुप बाय अनेक ओळींची एक ओळ करतो. विंडो फंक्शन ओळी तशाच ठेवतं आणि प्रत्येक ओळीला बाजूच्या ओळींच्या हिशोबाने काहीतरी जोडतं. एसक्यूएलच्या २००३ च्या मानकात ही फंक्शन्स आली. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये ती २०१८ पासून मिळतात, त्यामुळे आता शिकायला अडचण नाही.

सोपा उपयोग : एका मुलाचे दोन-तीन अर्ज आले आहेत, शेवटचा ठेवायचाय.

    विथ क्रम अॅज
      (सिलेक्ट अर्ज_क्र, नोंदणी_क्र,
         रो_नंबर() ओव्हर
           (पार्टिशन बाय नोंदणी_क्र
            ऑर्डर बाय दिनांक डेस्क, अर्ज_क्र डेस्क) अॅज क्र
       फ्रॉम अर्ज)
    सिलेक्ट * फ्रॉम क्रम व्हेअर क्र = १;

ऑर्डर बायमध्ये अर्ज_क्र कशाला? एकाच तारखेचे दोन अर्ज असतील तर कोणता पहिला, हे संगणक आपल्या मनाने ठरवतो. आज एक, उद्या दुसरा. शेवटी एक अनोखा रकाना टाकला की उत्तर कायम एकच राहतं.

आता महत्त्वाचा उपयोग. गैरहजेरीचे एकूण दिवस मोजले तर फारसं कळत नाही. महिनाभरात अधूनमधून सहा दिवस न आलेलं मूल आणि सलग सहा दिवस न आलेलं मूल, दोघांचा आकडा सारखाच. पण कापूस वेचणीच्या दिवसांत ज्याची शाळा सुटायला लागलीय ते दुसरं मूल असू शकतं. घरी जाऊन विचारपूस करायची ती त्याच्याकडे. मग सलग दिवस कसे शोधायचे?

आधी शाळेच्या कामाच्या दिवसांना ओळीने क्रमांक द्या : १, २, ३... रविवार आणि सुट्ट्या सोडून. हा झाला दिवस_क्र. शुक्रवार, शनिवार आणि सोमवार गैरहजर असलेलं मूल सलग तीन दिवस गैरहजर आहे. नुसत्या तारखा घेतल्या तर मधला रविवार ही साखळी तोडतो.

आता एका मुलाचे गैरहजेरीचे दिवस घ्या आणि त्यांना रो नंबर द्या :

| दिवस_क्र | रो नंबर | वजाबाकी |
|---|---|---|
| ४ | १ | ३ |
| ५ | २ | ३ |
| ९ | ३ | ६ |
| १० | ४ | ६ |
| ११ | ५ | ६ |
| १२ | ६ | ६ |

वजाबाकीच्या रकान्याकडे बघा. दिवस सलग असतील तोवर दोन्ही क्रमांक एक-एकाने वाढतात, म्हणून फरक तोच राहतो. मध्ये मूल शाळेत आलं की दिवस_क्र उडी मारतो, फरक बदलतो. म्हणजे फरक सारखा तो एक सलग गट! पहिला गट दोन दिवसांचा, दुसरा चार दिवसांचा.

    विथ गैर अॅज
      (सिलेक्ट नोंदणी_क्र, दिवस_क्र,
         दिवस_क्र - रो_नंबर() ओव्हर
           (पार्टिशन बाय नोंदणी_क्र ऑर्डर बाय दिवस_क्र) अॅज गट
       फ्रॉम हजेरी व्हेअर नोंद = 'ग')
    सिलेक्ट नोंदणी_क्र, मिन(दिवस_क्र) अॅज पासून,
           मॅक्स(दिवस_क्र) अॅज पर्यंत, काउंट(*) अॅज दिवस
    फ्रॉम गैर
    ग्रुप बाय नोंदणी_क्र, गट
    हॅविंग काउंट(*) >= ४;

एक अट आहे. हजेरीत एका मुलाची एका दिवसाची ओळ एकच हवी. दोनदा नोंद झाली असेल तर रो नंबर पुढे सरकतो आणि गट तुटतो. म्हणून तक्ता बनवतानाच नोंदणी_क्र आणि दिवस_क्र मिळून प्रायमरी की ठेवा. 'एक ओळ म्हणजे काय' हे मग डेटाबेसच सांभाळतो.

हीच युक्ती बस डेपोच्या फेऱ्यांना, विजेच्या भारनियमनाच्या तासांना, पावसाच्या खंडाला, सगळीकडे चालते.

## युक्ती ७ : इंडेक्सला काम करू द्या

पुस्तकाच्या मागे सूची असते. 'हिंगणघाट' शोधायचं तर आपण 'ह' उघडतो. पण कुणी म्हणालं, 'शेवटी घाट येणारे शब्द शोध', तर सूची असूनही ती पहिल्या पानापासून वाचावी लागते. इंडेक्सचंही असंच असतं.

    व्हेअर इयर(दिनांक) = २०२५

इथे रकान्याभोवती फंक्शन गुंडाळलं. इंडेक्स दिनांकाचा आहे, वर्षाचा नाही, म्हणून संगणक सहसा प्रत्येक ओळ उघडून वर्ष काढत बसतो. त्याऐवजी :

    व्हेअर दिनांक >= '२०२५-०१-०१' अँड दिनांक < '२०२६-०१-०१'

आता तो सरळ जागेवर जातो. शेवटची तारीख 'पेक्षा कमी' अशी लिहिल्याने ३१ डिसेंबरच्या संध्याकाळची, वेळेसह असलेली नोंदही सुटत नाही. तसंच शाळा_कोड लाइक '२७०८%' ला इंडेक्सची मदत मिळू शकते, लाइक '%०१' ला नाही. कोड मजकूर म्हणून ठेवल्याचा हा आणखी एक फायदा. आदेश आतून कसा चालणार हे बघायला त्याच्या आधी एक्स्प्लेन लावा (एसक्यूलाइटमध्ये एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन).

## युक्ती ८ : पुसण्याआधी बघा

डिलीट किंवा अपडेट चालवण्याआधी तोच व्हेअर लावून सिलेक्ट काउंट(*) चालवा. तीन ओळी पुसायच्या असताना तीन हजार दिसल्या तर तिथेच थांबता येतं. मग बिगिन लिहून आदेश चालवा, किती ओळींवर परिणाम झाला ते वाचा, आकडा जुळला तर कमिट, नाही तर रोलबॅक. दोन मिनिटं जास्त लागतात, लागू द्या.

## थोडक्यात

- जोडण्याआधी : दोन्ही तक्त्यांत एक ओळ म्हणजे काय, ते वहीत लिहा.
- 'नाही' शोधताना : नॉट एक्झिस्ट्स.
- शून्य दाखवायचं असेल तर : लेफ्ट जॉइन आणि काउंट(रकाना).
- दोन बेरजा हव्या असतील तर : आधी बेरीज, मग जोड.
- उत्तर आल्यावर : एखादी ओळखीची शाळा घ्या आणि तिचा आकडा हजेरीपटाशी हाताने जुळवा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात साधा आहे आणि सगळ्यात जास्त चुका तोच पकडतो.

## स्वाध्याय

1. एका मुलाचे गैरहजेरीचे दिवस_क्र २, ३, ४, ८, ९ आहेत. वजाबाकीचा रकाना काढा. सलग गट किती?
2. शाळेत २५ मुलं, तांदळाच्या ४ नोंदी, प्रत्येकी ३० किलो. तिन्ही तक्ते सरळ जोडले तर सम(किलो) किती येईल? खरं उत्तर किती?
3. 'व्हेअर नोंदणी_क्र = नल' लिहिल्यावर एकही ओळ का येत नाही? बरोबर कसं लिहाल?
4. फक्त तालुक्यांच्या नावांचे दोन तक्ते हाती आहेत, कोड नाहीत. 'आष्टी'चा घोळ टाळायला निदान आणखी कोणता रकाना लागेल?

उत्तरे : (१) १, १, १, ४, ४. दोन गट, तीन आणि दोन दिवसांचे. (२) ३००० किलो येईल, खरं उत्तर १२० किलो. (३) नलशी तुलना केली की उत्तर 'माहीत नाही' येतं आणि व्हेअर ती ओळ ठेवत नाही. 'इज नल' लिहावं. (४) जिल्हा. तालुका आणि जिल्हा दोन्ही जुळवूनच जोडावं.

एसक्यूलाइट फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. पाच तक्ते बनवा, दहा-दहा ओळी भरा, आणि त्यातल्या एका अर्जात नोंदणी क्रमांक मुद्दाम रिकामा ठेवा. युक्ती २ मधले दोन्ही आदेश चालवून बघा. रिकामी यादी स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की नल आयुष्यभर लक्षात राहतो.